अकरा तुकड्यांची फुलदाणी

खैरुद्दीन हुर्झूक कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. देरा दुबईतल्या एका घरात आम्ही दोघं जवळजवळ तीन वर्षं एकाच खोलीत राहिलो. त्याची खाट खिडकीखाली, माझी दाराशी. मधे जेमतेम चार फूट जागा, आणि तेवढ्या जागेवरून आमची रोज भांडणं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, एका शिपिंग एजन्सीत टायपिस्ट. तो चाळिशी ओलांडलेला, अमेरिकन तेल कंपनीच्या एका साहेबाकडे बेअरर. तो मुरुड-जंजिऱ्याकडचा, मी बाणकोटचा. दोघेही कोकणी मुसलमान, दोघांची एकच बोली. त्यामुळे शिव्या मात्र एकमेकांना नीट कळायच्या.

घर त्याच्या मेहुण्याने, अन्वरने, भाड्याने घेतलेलं होतं. मधे अंगण, एका बाजूला अन्वर आणि त्याची बायको हमीदा, दुसऱ्या बाजूला आमची खोली. अन्वरचं किराणा दुकान होतं आणि कंपनीच्या बंगल्यांना अंडी, पीठ, डबाबंद माल पुरवण्याचं काम त्याला मिळालेलं होतं. खैरुद्दीनची बायको हाफिजा ही अन्वरची थोरली बहीण. ती गावीच होती. तिनेच भावाला पत्र लिहून नवऱ्याला १९६२ साली इकडे आणवलं होतं. अन्वरने ते केलं, पण बहिणीवर उपकार म्हणून केलं, आणि हे तो दर दोन दिवसांनी बोलून दाखवायचा.

"दुल्हाभाई, तिकडे उपाशी मरत होतात," असं तो जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचा.

खैरुद्दीन भाताचा घास तोंडात ठेवून उत्तर द्यायचा, "मग आता तुझ्या पुरवठ्याचं सडकं पीठ खाऊन मरतो."

मुंबईत तो फुटलेली चिनीमातीची भांडी जोडायचा. बाप मचव्यावरचा तांडेल. पण या पोराला बोट लागायची, होडीत बसला की उलट्या. म्हणून दहाव्या वर्षी त्याला भायखळ्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे ठेवलं. इराण्यांच्या हॉटेलांतल्या किटल्या, पारशांच्या घरातले डिनरसेट, कुणाच्या आजीची सुरई, असं सगळं तिथे यायचं. लाख वितळवून सांधायचं, जड भांडं असेल तर बारीक छिद्रं पाडून पितळी टाचे मारायचे. वीस-पंचवीस वर्षं त्याने ते केलं. पुढे कप फुटला की लोक नवा आणायला लागले, आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग दुकानही गेलं. दुबईत नोकरीला लावताना अन्वरने बजावलं होतं, "भांडी जोडतो वगैरे तिथे सांगू नका. बेअरर म्हणायचं, बस."

जुमैराच्या किनाऱ्याला लागून कंपनीचे बंगले होते. त्यातल्या एकात टॉलिव्हर साहेब आणि त्याची बायको राहायची. साहेब तीन-तीन आठवडे वाळवंटातल्या कँपवर. मॅडम घरात एकटी. उंच, हडकुळी, उन्हाने मान भाजलेली बाई. तिला इथलं काहीच सोसत नव्हतं. हवा नको, नळाचं खारट पाणी नको, माणसं तर नकोतच. तिचा जीव एकाच गोष्टीत होता. अमेरिकेहून तिने पस्तीस जुनी मातीची भांडी पेट्यांत भरून आणली होती. फुलदाण्या, जग, वाडगे. सगळी हाताने रंगवलेली, वर काचेसारखी झिलई, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. त्यांच्यासाठी तिने सागाचं कपाट करून घेतलं होतं, काचेच्या दारांचं. तरी वाळू आत जायची. म्हणून रोज सकाळी एकेक भांडं पुसणं हे खैरुद्दीनचं काम.

पहिल्या दिवशी त्याने एक जग मानेला धरून उचलला, तेव्हा मॅडमने त्याच्या मनगटावर फटका मारला. खैरुद्दीनने जग खाली ठेवला नाही. दोन्ही हातांत घेतला, उलटा केला आणि बुडाकडे पाहिलं. मॅडमने हात मागे घेतला. भांड्याचं बूड आधी बघतो तो जाणकार, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर तिने त्याला शिकवलं. प्रेमाने नव्हे. बोलायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून, आणि तेही सतत ओरडत. तिच्या संग्रहातली निम्म्याहून जास्त भांडी सिनसिनाटी शहरातल्या रूकवुड नावाच्या कारखान्याची होती. त्यांच्या बुडाशी पाठीला पाठ लावलेली दोन इंग्रजी अक्षरं असायची आणि त्यांच्याभोवती ज्वाळा. एक ज्वाळा म्हणजे १८८७ साल. पुढे दर वर्षी एक ज्वाळा वाढवायची. चौदा ज्वाळा दिसल्या की समजायचं, १९०० साल. एखाद्या भांड्यात भट्टीत दोष राहिला तर कारखाना स्वतःच बुडावर फुली कोरायचा. रंगवणाऱ्याच्या नावाची अक्षरं वेगळी. खैरुद्दीनला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण या खुणा तो एका वहीत काढायचा आणि शेजारी उर्दूत टिपणं लिहायचा. आठवड्याभरात तो ज्वाळा मोजून सालं सांगायला लागला. मॅडमला त्याचा आनंद झाला नाही, राग आला. नोकराला सालं कळावीत हे तिला रुचलं नसावं.

"बाईचा डोळा चांगला आहे," एकदा तो मला म्हणाला, "बाकी सगळी खराब."

आणि मग त्याला स्वतःलाच तो नाद लागला. कंपनीची माणसं येत-जात असायची. बदली झाली की निम्मं सामान टाकून निघायची. बंगल्यांच्या मागे कचऱ्याचा खड्डा होता. त्यातून खैरुद्दीन वस्तू उचलून आणायला लागला. काठ उडालेली कुंडी, मूठ नसलेला वेलर कारखान्याचा जग, दोन तुकडे झालेली व्हॅन ब्रिगल कारखान्याची निळसर-हिरवी फुलदाणी. खोलीत आणून जोडायचा आणि खाटेवरच्या फळीवर मांडायचा. दोन वर्षांत सहा नग झाले. ती फळी मला माझ्या ट्रान्झिस्टरसाठी हवी होती. मी म्हणायचो, "कचरा आहे हा. अमेरिकनांचा उकिरडा माझ्या डोक्यावर का?" तो म्हणायचा, "तुझ्या डोक्यात काय आहे ते आधी बघ."

१९६४ च्या एप्रिलची गोष्ट. साहेब कँपवरून आला होता. दुपारी जेवणाच्या टेबलावर नवरा-बायकोचं जुंपलं. कशावरून ते खैरुद्दीनला कळलं नाही. तो दारात ताटं घेऊन उभा. मॅडम उठली, कपाट उघडलं, आणि हाताला आली ती फुलदाणी तिने भिंतीवर मारली. ती तिच्या आजीला लग्नात मिळालेली होती. हातभर उंच, जवळजवळ काळी, आणि त्या काळ्यातून वर येणारी फिकट जांभळी फुलं. बुडाशी चौदा ज्वाळा. सगळ्या कपाटात तिच्या तोडीचं दुसरं भांडं नव्हतं.

साहेब गाडी घेऊन निघून गेला. मॅडम म्हणाली, "हे घेऊन जा. मला एकही तुकडा दिसता कामा नये."

खैरुद्दीनने त्याच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, ठेवू? जोडता येईल."

"समुद्रात फेक."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं. तिने दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. त्याने गुडघ्यांवर बसून तुकडे वेचले, भुगा हातानेच चाळला, सगळं साबणाच्या खोक्यात घातलं आणि संध्याकाळी खाडी ओलांडताना होडीत ते खोकं मांडीवर घेऊन बसला. घरी येऊन माझ्या खाटेवरच तुकडे पसरले. अकरा होते.

ती फुलदाणी जोडायला त्याला सात महिने लागले. दोन आठवड्यांत एक सांधा. एका डब्यात वाळू भरून त्यात तुकडा खोचून ठेवायचा, लाखेत काजळी घालून ती तापवायची, सांधा बसवायचा आणि मग त्याला हातही लावू द्यायचा नाही. त्यात उन्हाळा. दमट हवेत लाख नीट धरेना. मी नवीन टेबलफॅन आणला होता. तो लावायचा नाही, वाळू उडते, म्हणून आमची मारामारी व्हायची वेळ आली. हमीदा अंगणातून ओरडायची, "दुल्हाभाई, त्या लाखेच्या वासाने माझं डोकं फुटतंय, बंद करा ते." तो लाख ढवळत राहायचा.

फुलदाणीच्या खांद्याजवळचा बोटाच्या पेराएवढा एक टवका सापडलाच नव्हता. तिथे त्याने इकडे भिंतींना लावतात त्या पांढऱ्या गचाचा तुकडा घासून बसवला. तो तसाच पांढरा ठेवला.

"रंगव की," मी म्हणालो. "सांधेही दिसतायत सगळे."

"फुटलेली आहे. न फुटल्यासारखी कशाला दाखवू?"

नोव्हेंबरात ती पुरी झाली. त्याने फळीवरच्या बाकीच्या वस्तू सरकवून ती मधे ठेवली. मला काहीतरी कुचकट बोलायचं होतं. पण सकाळचं ऊन खिडकीतून तिच्यावर आलं, काळ्या रंगाच्या आतून खोल कुठेतरी हिरवा रंग दिसला, आणि मी तोंड मिटून ऑफिसला गेलो.

जानेवारीत मॅडमला अमेरिकेहून एक पत्र आलं. तिच्या शहरात जुन्या भांड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि तिच्या आजीची फुलदाणी त्यात मांडायला हवी होती, मॅडमच्या घराण्याच्या नावानिशी. हे खैरुद्दीनला कळलं ते कॉफी देताना. तीन-चार मडमा बसल्या होत्या. मॅडमने पत्र वाचून दाखवलं, डोळे पुसले, आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ती याने फोडली. या माणसाने."

त्याला तेवढं इंग्रजी कळलं. त्याने ट्रे टेबलावर ठेवला, एकही कप सांडला नाही, आणि आत गेला. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. मला सांगितलं तेही भिंतीकडे तोंड करून. मी म्हणालो, "आपल्याला काय? नोकरी टिकली म्हणजे झालं." तो म्हणाला, "तुला काही नाही. तू गप बस."

चार दिवसांनी अन्वर बंगल्यावर माल द्यायला गेला. मॅडमने त्यालाही तीच कहाणी ऐकवली. अन्वरला वाटलं, मर्जी संपादन करायची हीच वेळ. तो म्हणाला, "मॅडम, काळजी नको. फुलदाणी माझ्या घरी आहे. आमच्या माणसाने जोडलीय. उद्या आणून देतो."

संध्याकाळी येऊन त्याने हे अंगणात उभं राहून सांगितलं, बक्षीस मिळणार असल्यासारखा.

खैरुद्दीन खाटेवरून उठला नाही. "मला न विचारता कसं सांगितलंस?"

"तुमची आहे का ती?"

"तिची तरी आहे का? तिने समुद्रात टाकली. समुद्राला जाऊन माग म्हणावं."

"दुल्हाभाई, माझं सगळं काम त्या कंपनीवर आहे."

"तुझं काम तू बघ."

अन्वर दारात उभा राहून बराच वेळ बोलत होता. बहिणीचं नाव काढलं, तिकिटाचं नाव काढलं, मुंबईतल्या उपाशी दिवसांचं काढलं. खैरुद्दीन बिडी ओढत राहिला. शेवटी अन्वर म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाला मी घरात घेतलं, ही माझी चूक." आणि दार आपटून गेला.

गुरुवारी दुपारी चारला लँडरोव्हर आमच्या गल्लीत शिरली. मॅडम स्वतः आली होती, सोबत कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसचा एक अधिकारी, चष्मेवाला, घामाघूम. अन्वरने अंगणात खुर्च्या टाकल्या. मॅडम बसली नाही. दुभाष्या म्हणून मला पुढे केलं. खैरुद्दीनने फुलदाणी आतून आणली आणि हमीदाच्या मसाला वाटायच्या दगडाशेजारी, पाटावर ठेवली.

मॅडमने ती उचलली, उलटी केली, ज्वाळा पाहिल्या. मग एकेका सांध्यावरून नख फिरवलं. तिचा चेहरा बदलला. ती वाईट बाई होती, पण तिला काम कळत होतं.

"हे कुणी केलं?"

"यानेच," मी म्हणालो.

"चांगलं केलंय," ती मला म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "पण या रेघा रंगवून झाकायला हव्यात. तो पांढरा डाग पण. शनिवारपर्यंत. काय हवं ते देईन म्हणावं."

मी सांगितलं. खैरुद्दीन म्हणाला, "रेघा राहतील. आणि मला काही नको. त्या दिवशी ज्या मडमा होत्या त्यांना तिने सांगावं, फुलदाणी कुणी फोडली. तेवढं केलं तर आज घेऊन जा."

हे मी इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्याने चष्मा पुसला. "त्याला समजाव," तो म्हणाला, "त्याचा व्हिसा कंपनीकडे आहे. मूर्खपणा करू नको म्हणावं."

मॅडम म्हणाली, "त्याला सांग, फुलदाणी त्यानेच फोडली. सगळ्यांना माहीत आहे, त्यानेच फोडली. आणि मग ती माझ्या घरातून चोरली."

मी अन्वरकडे पाहिलं.

"काय म्हणाली?" खैरुद्दीनने विचारलं. मी काहीतरी मिळमिळीत सांगायला लागलो. त्याने मला थांबवलं. "रफिक, जसंच्या तसं सांग."

मी जसंच्या तसं सांगितलं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे. दोन वर्षं रोज सकाळी ही दोघं एकाच कपाटासमोर उभी राहत होती, आणि त्या अंगणात मला वाटलं, यांच्याइतकं एकमेकांना कुणी ओळखत नसेल, आणि यांच्याइतका एकमेकांचा तिटकाराही कुणाला नसेल.

"ठीक आहे," खैरुद्दीन म्हणाला. "तिची वस्तू तिने घेऊन जावी. उद्या जुम्म्यानंतर, दोन वाजता. जशी होती तशी देतो म्हणावं."

मी भाषांतर केलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अन्वरने पेप्सीच्या बाटल्या उघडल्या. मॅडमने घेतली नाही, अधिकाऱ्याने घेतली.

शुक्रवारी नमाजाहून आलो तर खैरुद्दीन अंगणात स्टोव्ह पेटवून बसलेला. वर हमीदाची मोठी डेगची, तिच्यात पाणी. हमीदा ओरडत होती, "माझी बिर्याणीची डेगची आहे ती." त्याने फुलदाणी जुन्या लुंगीत गुंडाळली आणि पाण्यात सोडली.

"काय करतोस?" मी विचारलं.

"तिची वस्तू तिला देतोय."

तेव्हा मला समजलं. लाखेचा सांधा ताप सोसत नाही. थोड्या वेळाने पाण्यावर काळपट तवंग आला. त्याने लुंगी वर काढली, मांडीवर ठेवली, आणि एकेक सांधा ओढून सोडवायला लागला. हात भाजत होते. फुंकर मारायचा आणि पुढचा तुकडा ओढायचा. प्रत्येक तुकड्याची कड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, लाखेचा कणही राहणार नाही अशी. सात महिने त्याने जे केलं ते तासाभरात उलटं केलं, आणि तितक्याच काळजीने केलं. मला त्याला थांबवायचं होतं असं आज मी म्हणू शकतो. खरं सांगायचं तर मी बघत उभा राहिलो. अन्वर दुकानात होता. हमीदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

दोनला लँडरोव्हर आली, मागोमाग अन्वर. खैरुद्दीनने तेच साबणाचं खोकं मॅडमच्या हातात दिलं. तिने वरचा कागद काढला.

खैरुद्दीन म्हणाला, "मोजून घ्या. अकरा टाकले होते, अकरा आहेत."

मी भाषांतर केलं. अधिकारी म्हणाला, "त्याने काही ठेवून घेतलंय का, विचार." खैरुद्दीनने खिशातून गचाचा तो पांढरा तुकडा काढून तळहातावर दाखवला. "हा माझा आहे. हा हिच्या फुलदाणीतला नाही." आणि पुन्हा खिशात घातला.

मॅडमने खोकं छातीशी धरलं होतं. तिचा आवाज अगदी हळू होता. ती म्हणाली, "तू दुष्ट माणूस आहेस."

"काय म्हणाली?"

मी सांगितलं.

खैरुद्दीनने मान हलवली. "ही एक गोष्ट खरी बोलली."

शनिवारी त्याची नोकरी गेली. व्हिसा रद्द करण्याचं पत्र तयार व्हायला लागलं. त्याच दिवशी अन्वरला कळवण्यात आलं की बंगल्यांचा पुरवठा आता दुसरीकडून होईल. खैरुद्दीन कंपनीच्या ऑफिसात गणवेश परत करायला गेला होता. अन्वर दुकान बंद करून आला, आमच्या खोलीत शिरला, फळीवरची सहाही भांडी एकेक करून अंगणात नेली आणि लोखंडी पहारीने फोडली. निळसर-हिरवी सगळ्यात शेवटी. मी माझ्या खाटेवर बसलो होतो. एखादं तरी मी माझ्या ट्रंकेत लपवू शकलो असतो. मी हललो नाही. त्या फळीचा राग मला होताच.

खैरुद्दीन परत आला. अन्वर पहार घेऊन तिथेच उभा. "जोडत बसा आता," तो म्हणाला.

खैरुद्दीन त्या ढिगाजवळ गेला. एक मोठा तुकडा पायाच्या अंगठ्याने उलटा केला, खालची खूण पाहिली, आणि तिथेच सोडला. पुढे खोलीत येऊन ट्रंक भरायला लागला. वही मात्र आठवणीने ठेवली.

"तू इथे होतास?" त्याने मला विचारलं.

"होतो."

तो कपडे घड्या करत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रास अल खैमाला जाणाऱ्या ट्रकवर चढला. मी ट्रंक उचलायला हात लावला, तर त्याने माझा हात बाजूला केला.

रास अल खैमात दापोलीकडच्या अलीमियाँचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी त्याला ठेवून घेतलं आणि कागदपत्रंही करून दिली. तिथे तो पुन्हा जुन्याच धंद्याला लागला. अरबांच्या घरातले कॉफीचे चिमुकले पेले, किटल्यांच्या तुटक्या चोची, डोंगरापायथ्याच्या कुंभारांनी घडवलेले पाण्याचे मोठे रांजण. बायका बुरख्यातून रांजण पुढे सरकवायच्या आणि तो त्यांच्यावर खेकसायचा, "असा तापलेला असताना थंड पाणी ओतता कशाला?" तरी त्या त्याच्याकडेच यायच्या.

१९६७ मधे ऑफिसच्या कामाने मी तिकडे गेलो. दुकानात शिरलो तेव्हा त्याने वर पाहिलं आणि परत काम सुरू केलं. मला बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच सांगितलं, टॉलिव्हर मंडळी गेल्या वर्षी कायमची परत गेली. त्यांच्या सामानाचे कागद आमच्याच एजन्सीत टाइप झाले, माझ्याच हातून. चौतीस भांड्यांची यादी होती, आणि शेवटी एक ओळ: एक खोकं, फुटकी मातीची भांडी, व्यापारी किंमत काही नाही.

त्याचा हात थांबला. "खोकं नेलं तिने?"

"नेलं."

"मूर्ख बाई," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तिकडे कुणी रंग फासला असेल आता." आणि मग मला एक स्टूल पायाने सरकवून दिलं. चहा मात्र नाही.

मी त्याची माफी मागायला गेलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं होतं. स्टुलावर बसलो, इकडची-तिकडची चौकशी केली आणि उठलो. नवीन काही जमवतोस का, असं विचारलं. तो म्हणाला, "लोकांचं जोडतो. स्वतःचं काही ठेवत नाही."

१९६९ च्या मार्चमधे हाफिजा आली. सात वर्षांनी. मुंबईची बोट दुबईला लागली तेव्हा खैरुद्दीन अलीमियाँची पिकअप घेऊन धक्क्यावर होता. हाफिजाने उतरल्या उतरल्या सांगितलं, "आधी माझ्या भावाच्या घरी." त्याने गाडी देऱ्यात आणली, आमच्या दारासमोर उभी केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसून राहिला.

मी अजून त्याच खोलीत राहत होतो. आत बहीण-भाऊ रडले, हसले, गावच्या गोष्टी झाल्या. अन्वर एकदा दारापर्यंत गेला, पडदा बाजूला केला, बाहेर उन्हात उभी पिकअप पाहिली, आणि परत येऊन बसला. हाफिजा म्हणाली, "अन्वर, जा ना, बोलाव त्यांना." अन्वर म्हणाला, "त्यांना पाय आहेत."

हमीदाने चहा केला आणि कप माझ्या हातात दिला. मी बाहेर नेला. गाडीचं पत्र्याचं टप चटके देत होतं. खैरुद्दीनचा सदरा पाठीला चिकटलेला. त्याने कप घेतला, कड बघितली, सवयीने, आणि प्यायला.

"अन्वर आहे घरात?"

"आहे."

"बरं."

दीड तासाने हाफिजा बाहेर आली. डोळे सुजलेले, आणि आता रागावलेली. दोन्हीकडचं तिने एकटीने ओढलं होतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. ती पदर सावरत गाडीत चढली आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघं मेल्यावर तरी एकमेकांच्या मय्यतीला जाणार का, तेवढं सांगा. म्हणजे मी तशी तयारी ठेवते."

"दार नीट लाव," खैरुद्दीन म्हणाला. "वाळू आत येते."

त्याने गाडी सुरू केली. हाफिजाने दार लावलं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबलेली मला दिसली. तो उतरला, पुढून वळसा घालून तिच्या बाजूला गेला आणि बाहेरून दार ढकलून लावलं. मग पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि ती दोघं रास अल खैमाच्या रस्त्याला लागली.